सातारची वाट : धोंडो केशव कर्वे यांचे विद्यार्थिजीवन

परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातील बोरी व तिच्या आसपासची खेडी येथे जून महिना आला म्हणजे दोन चिंता एकदमच घरात शिरतात. एक पेरणीची व दुसरी मुलांच्या पुढील शिक्षणाची. बी-बियाणे व खत यांस पैसा कोठून आणावा हा विचार चालू असतानाच घरातील मुलगा किंवा मुलगी बारावी पार करून समोर उभी राहते, आणि मग जिंतूर, परभणी किंवा त्याहूनही दूरच्या शहरातील कॉलेजाची फी, खोलीचे भाडे, खाणावळीचा खर्च व पुस्तके यांचा हिशेब सुरू होतो. पुष्कळ घरांत तो हिशेब जुळत नाही. मग कोणी मुलाला शेतात ओढतो, कोणी मुलीच्या लग्नाचे पाहू लागतो. अशा घरांतील वाचकांकरिता आम्ही ह्या सप्ताही एका प्रसिद्ध पुरुषाच्या आयुष्याचा पूर्वार्ध सांगावयाचे योजिले आहे. त्यांच्या उत्तरार्धाविषयी शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते स्वतः कॉलेजपर्यंत कसे पोहोचले, त्या वाटेवर त्यांस कोणी अडविले व कोणी हात दिला, हे फारसे कोणी सांगत नाही.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली ह्या गावी झाला. त्यांचे घर मात्र दापोली तालुक्यातील मुरूड येथे, अगदी समुद्राच्या काठी होते. घराण्यास पूर्वी बरे दिवस होते, पण धोंडोपंत जन्मले तेव्हा ते सरले होते. वडील केशवपंत कोरेगाव येथे दुसऱ्याच्या मिळकतीची व्यवस्था पाहण्याची नोकरी करीत. मिळकत बेताची, खाणारी तोंडे अनेक. आई लक्ष्मीबाई मोठ्या मानी होत्या. बडोद्याच्या गायकवाडांकडून ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात आहे, अशी वार्ता एकदा कानी आली, तेव्हा मुलांस तिचा मोह पडला. ज्या घराण्याने पूर्वी गायकवाडांस कर्जाऊ रकमा दिल्या त्याच्या मुलांनी त्यांच्या दारी हात पसरावयास जाऊ नये, असे आईने त्यांस बजाविले. पैशाची निकड असतानाही तो नाकारला जाऊ शकतो, हे मुलाने प्रथम घरातच पाहिले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. कर्वे गरीब होते खरे, परंतु ते ब्राह्मण होते. शाळेच्या ओटीवरून ज्यांस हाकलून देण्यात येई, ज्यांस पाटीला हात लावण्याचीच बंदी होती, त्यांपैकी ते नव्हते. घरात अक्षरओळख होती व आप्तांपैकी कोणी शहरात गेलेले होते. त्याच काळात आपल्या मराठवाड्यातील कित्येक घरांत लिहिता-वाचता येणारा एकही मनुष्य नव्हता. तेव्हा कर्व्यांच्या कष्टांचे वर्णन वाचून कोणी असे समजू नये की, निश्चय केला म्हणजे कोणासही तितकेच साधते. वाटेवरचे काटे सर्वांस सारखे नसतात. तरी त्यांच्या वाट्यास जे आले तेही थोडे नव्हते.

मुरूडच्या मराठी शाळेत त्यांस विनायक लक्ष्मण सोमण नावाचे गुरुजी लाभले. पंतोजी म्हणजे छडी, अशी समजूत असण्याच्या त्या दिवसांत सोमण गुरुजी मुलांकडून गावाची कामे करून घेत. गावात वर्तमानपत्र येई, परंतु ते वाचता येणारे थोडे. म्हणून देवीच्या देवळात लोक जमवून धोंडोपंतांकडून ते मोठ्याने वाचून घेण्याचा क्रम गुरुजींनी पाडला. मुलगा इतका लाजाळू होता की, परक्या मनुष्यासमोर त्यास तोंड उघडणे संकटाचे वाटे. चारचौघांपुढे वाचण्याची ही सवय त्यास पुढे फार उपयोगी पडली. ह्या लाजाळूपणाने आयुष्यात आपले पुष्कळ नुकसान केले, असे त्यांनी वृद्धपणी आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने कबूल केले आहे. खेड्यातून शहरात गेलेल्या मुलांस ह्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. कॉलेजाच्या कचेरीतील खिडकीपाशी जाऊन शिष्यवृत्तीचा अर्ज मागण्यास जी मुले दोन-दोन दिवस धजत नाहीत, ती आम्ही पाहिली आहेत.

त्या काळी मराठी सहावी इयत्तेची जी सरकारी परीक्षा असे, ती पार केली म्हणजे प्राथमिक शाळेत मास्तरकी किंवा कचेरीत कारकुनी मिळण्याचा मार्ग मोकळा होई. परीक्षेस बसावयास वयाची सतरा वर्षे पुरी पाहिजेत असा नियम होता. १८७५ साली धोंडोपंतांची सतरा वर्षे भरली. परीक्षेचे ठिकाण मुंबई किंवा सातारा. कोकणातील माणसास मुंबई जवळ, कारण आगबोटीने जाता येई. परंतु ते दिवस पावसाळ्याचे होते, समुद्र खवळलेला होता व आगबोटीचा मार्ग बंद पडला. तेव्हा काही सोबत्यांसह पायी सातारा गाठावे असे त्यांनी ठरविले.

मुरूडहून सातारा शंभर मैलांहून अधिक आहे. वाचकांस ह्या अंतराची कल्पना यावी म्हणून सांगतो की, बोरीहून जिंतूरमार्गे पायी संभाजीनगरास, म्हणजे जुन्या औरंगाबादेस, जावयास जितके चालावे लागेल, जवळजवळ तितकेच हे अंतर होय. मध्ये सह्याद्रीचा कुंभार्ली घाट. पाऊस कोसळत होता, ओढे भरून वाहत होते, वाट निसरडी, आणि पाठीवर वळकटी व शिधा. परीक्षेचा दिवस ठरलेला असल्यामुळे वाटेत थांबावयास सवड नव्हती. ही मुले चालत राहिली व पाय सुजलेल्या अवस्थेत वेळेवर साताऱ्यास पोहोचली.

परीक्षेच्या ठिकाणी मात्र निराळेच घडले. धोंडोपंत शरीराने लहानखुरे होते. परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा असणे शक्य नाही असे ठरवून टाकले. आपले वय पुरे आहे असे मुलाने सांगितले, परंतु ते ऐकून घेण्याची त्या अधिकाऱ्याची तयारी नव्हती. त्यास परीक्षेस बसू दिले नाही. ज्या पावलांनी आला त्याच पावलांनी तो परत निघाला. त्याच्या अभ्यासात उणीव नव्हती, वर्तनात दोष नव्हता, नियमही त्याच्याच बाजूचा होता. एका मनुष्याच्या नजरेस तो लहान दिसला, एवढ्यावरून त्याचे एक वर्ष बुडाले.

ही हकीकत सांगताना लोक बहुधा मुलाच्या चिकाटीचे गुणगान करतात. आम्हांस ती अधिक त्या अधिकाऱ्याच्या बाजूने पाहावीशी वाटते. टेबलापलीकडे बसलेल्या माणसास ते काम क्षणाचे होते. त्या दिवशी संध्याकाळी तो हे विसरूनही गेला असेल. आजही जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला यांपैकी एखाद्या कागदावर नावाची वेलांटी चुकली म्हणून मुलास तालुक्याच्या गावी चार खेपा घालावयास लावणारे लोक आहेत. एका खेपेस एका दिवसाची मजुरी बुडते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. आमच्या वाचकांपैकी जे कचेऱ्यांतून व शाळांतून कामे करतात, त्यांनी साताऱ्याच्या ह्या मुलास आपल्या टेबलासमोर उभा आहे असे समजून क्षणभर पाहावे.

पुढील वर्षी, म्हणजे १८७६ साली, धोंडोपंतांनी कोल्हापूर येथे ती परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. घरच्या स्थितीकडे पाहता त्यांनी तेव्हाच नोकरी धरावयास हवी होती. लग्न चौदाव्या वर्षीच झालेले होते. पत्नी राधाबाई त्या वेळी आठ वर्षांच्या होत्या. परंतु त्यांच्या मनाने इंग्रजी शिकून पुढे जाण्याचे घेतले होते. थोरले बंधू भिकाजीपंत यांनी घर सांभाळले, त्यामुळे धाकट्यास बाहेर पडता आले. एका भावाने शिकावे म्हणून दुसऱ्याने मागे राहावे, हा सौदा आपल्याकडील पुष्कळ घरांत आजही चालतो. मागे राहिलेल्याचे नाव कोणत्याही प्रशस्तिपत्रावर छापले जात नाही.

मुंबईस त्यांनी रॉबर्ट मनी शाळेत नाव घातले. ही शाळा चर्च मिशनरी सोसायटीची होती व तिच्यात अनेक जातींची व धर्मांची मुले एकत्र शिकत. तेथे शिकून कर्व्यांनी आपला धर्म बदलला नाही. ज्यांनी ती शाळा चालविली त्यांचे श्रम त्यामुळे व्यर्थ गेले, असे आम्ही मुळीच मानीत नाही. विशीतला हा गृहस्थ आपल्याहून पाच-सहा वर्षांनी लहान मुलांबरोबर एका बाकावर बसून इंग्रजीचे धडे गिरवीत असे. उशिरा शिकणाऱ्यास लाज वाटते व त्या लाजेनेच पुष्कळ जण शाळा सोडतात. कर्व्यांनी ती गिळली. १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित हा विषय घेऊन १८८४ साली त्यांनी बी. ए. ची पदवी मिळविली. त्याच वर्षी त्याच कॉलेजातून गोपाळ कृष्ण गोखले हेही पदवीधर झाले. गोखल्यांचेही शिक्षण असेच पोटास चिमटा घेऊन झालेले. त्यांचे थोरले बंधू गोविंदराव यांस दरमहा पंधरा रुपये पगार होता व त्यातील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत त्यांनी संसार चालविला.

कॉलेजात असताना व पुढेही कित्येक वर्षे कर्वे शिकवण्या करून खर्च भागवीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत मुंबईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची पायपीट चाले. पदवी मिळाल्यावर मुलींच्या शाळांतून गणित शिकविण्याचीही कामे त्यांनी केली. परंतु त्यांच्या मुंबईतील आयुष्यातील जी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती ही की, हातात चार पैसे येऊ लागताच मिळकतीच्या दर रुपयामागे एक पैसा त्यांनी बाजूस काढण्यास प्रारंभ केला. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. ही रक्कम त्यांनी स्वतःची मानली नाही, ती सार्वजनिक कामाची. ह्याच वृत्तीतून मुरूडच्या सुधारणेचा फंड उभा राहिला आणि त्याच्या आधाराने तेथे इंग्रजी शिक्षणाची सोय झाली. मुरूडच्या मुलांनी इंग्रजीची पहिली अक्षरे गिरविण्यासाठी घर सोडू नये, अशी त्यात योजना होती.

ह्याखेरीज त्यांचे बिऱ्हाड हेच एक लहानसे वसतिगृह झाले. कोकणातून शिकावयास आलेली मुले तेथे राहत, जेवत व अभ्यास करीत. त्यांपैकी एक म्हणजे मुरूडजवळील मुर्डी गावचे त्यांचे आप्त रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. मुलगा हुशार आहे हे कर्व्यांनी ओळखले व त्यास मुंबईस आणून आपल्यापाशी ठेविले. हाच मुलगा पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून इंग्लंडात केंब्रिजला गेला आणि १८९९ साली तेथील गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर ठरला. हा मान मिळविणारा तो पहिला हिंदी मनुष्य. केंब्रिजच्या सभागृहात त्याचे नाव वाचले गेले तेव्हा त्यामागे गिरगावातील एका चुलीचा धूर होता, हे फार थोड्यांस ठाऊक होते.

त्या चुलीपाशी बसणाऱ्या राधाबाई. नवरा सकाळी अंधारात बाहेर पडावयाचा व रात्री परतावयाचा. घरी परक्यांची मुले, तुटपुंजा पैसा, स्वतःची प्रकृती नाजूक, कडेवर मूल. नवऱ्याने त्यांस लिहावाचावयास शिकविण्याचा प्रयत्न केला, परंतु दिवसभराच्या रगाड्यातून पाटी हाती घेण्यास वेळ किती मिळणार? १८९१ साली त्या वारल्या. कर्व्यांच्या यशाची बेरीज करताना राधाबाईंचे आयुष्य वजाबाकीच्या बाजूस लिहिले जाते, आणि बहुतेक चरित्रकार ती ओळ वाचून झटकन पुढे जातात. कर्वे स्वतः पुढे गेले नाहीत असे आम्हांस वाटते. स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी जी अर्धशतकाहून अधिक काळ खटपट केली, तिच्या मुळाशी हे घर असलेच पाहिजे.

त्याच वर्षी गोखल्यांच्या सांगण्यावरून कर्वे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून आले. बाळ गंगाधर टिळक संस्थेतून बाहेर पडल्यामुळे त्या विषयास अध्यापक हवा होता. वेतन दरमहा पंचाहत्तर रुपये व वीस वर्षे सेवेचे बंधन. मुंबईत शिकवण्यांवर त्यांस कदाचित अधिक मिळाले असते. १९१४ पर्यंत त्यांनी ते काम केले.

आता आम्ही दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडे, किंबहुना विद्यार्थिनीकडे, वळतो. मुंबईस कर्व्यांबरोबर एकाच बिऱ्हाडात नरहरपंत जोशी नावाचे त्यांचे मित्र राहत. हे मूळचे देवरुखचे. त्यांची बहीण गोदूबाई हिचे आठव्या वर्षी लग्न झाले आणि तीन महिन्यांच्या आतच ती विधवा झाली. पुढील पंधरा-सोळा वर्षे तिने सासरी व माहेरी राबण्यात काढली. केशवपन झाले. अक्षर आले नाही. भावाने तिला मुंबईस आणले, तेव्हा तिचे वय चोविसाच्या घरात होते. योगायोग असा की, मार्च १८८९ मध्ये पंडिता रमाबाई अमेरिकेतून परत येऊन त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले होते. त्या शाळेतील पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाई. १८९० साली सदन पुण्यास गेले, त्याबरोबर तीही गेली. ज्या वयात त्या काळच्या बायका मुलांची लग्ने करण्याच्या विचारात असत, त्या वयात तिने बाराखडी घटविली. कर्वे वीस वर्षांचे असताना लहान मुलांच्या बाकावर बसले याचे जर कौतुक करावयाचे, तर हिचे किती करावे!

राधाबाईंच्या मागे, गोदूबाईंच्या वडिलांच्या संमतीने, मार्च १८९३ मध्ये पुण्यास कर्वे व गोदूबाई यांचा विवाह झाला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले, आणि सर्व लोक त्यांस पुढे बाया म्हणून ओळखू लागले. ह्या विवाहाची किंमत मुरूडास द्यावी लागली. ज्या गावात कर्व्यांनी देवळात वर्तमानपत्र वाचले व ज्या गावासाठी रुपयामागे पैसा काढला, त्याच गावाने त्यांस वाळीत टाकले. त्यांस घरात घेणाराही बहिष्कृत होईल असे ठरले. मुलगा गावी आला तर त्यास आईच्या घरी उतरता येईना. बंधू व वृद्ध माता यांनी फार सोसले. गावाच्या बहिष्काराचा अर्थ काय, विहिरीवर, पंगतीत व लग्नकार्यात तो कसा टोचतो, हे आमच्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांस त्यांच्या वाडवडिलांच्या तोंडून ठाऊक आहे. म्हणून आम्ही त्याचे वर्णन करीत बसत नाही.

१८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. आश्रम प्रथम पुणे शहरात होता. प्लेगच्या धामधुमीत, १९०० साली, तो शहराबाहेर हिंगणे येथे नेण्यात आला. तेथे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन दिली होती. माळरानात एक झोपडी व तिच्यात काही विधवा व मुली, एवढाच तो आश्रम. शहरापासून अंतर सुमारे चार मैल आणि रस्ता असा नव्हताच. दिवसा कॉलेजात गणित शिकवावे, सायंकाळी मुलींसाठी लागणारे जिन्नस पाठीवर घ्यावे, चिखल तुडवीत हिंगणे गाठावे, मुलींस शिकवावे व सकाळी पुन्हा कॉलेजात हजर व्हावे, असा क्रम त्यांनी ठेविला. ही दुसरी सातारची वाट म्हणावयाची. फरक इतकाच की, ती रोजची होती.

ह्या झोपडीत शिकलेल्या बायांपैकी एकीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले ही विधवा, एका मुलाची आई, विशी उलटल्यावर शिकू लागली. पुढे ती आश्रमाची देखरेख करू लागली व झोळी घेऊन गावोगाव वर्गणी गोळा करू लागली. १९१८ साली ती एकटी अमेरिकेस गेली. इंग्रजी बेताचे, जवळ द्रव्य नाही. तेथे तिने लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करून पोट भरले, इंग्रजी सुधारले व आश्रमासाठी पैसा आणला. कोकणातल्या सोवळ्या बाईने परदेशात दुसऱ्याची भांडी घासली, आणि त्यात तिला कमीपणा वाटला नाही.

१९०७ साली महिला विद्यालय निघाले व १९१६ साली स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती पडली होती, तिच्यावरून त्यांस ही कल्पना सुचली. अवघ्या पाच विद्यार्थिनींनी पहिल्या कॉलेजाचा आरंभ झाला. लोक हसले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्षांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, विद्यापीठास मिळाले. त्यास सरकारी कायद्याची मान्यता मिळावयास मात्र १९५१ साल उजाडावे लागले.

त्या विद्यापीठात शिक्षणाची भाषा मातृभाषा होती, ही गोष्ट बोरीच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. त्या वेळी परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद येथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. तेथेही उच्च शिक्षण देशी भाषेत देण्याचे ठरले, आणि हा विचार आपल्या जागी स्तुत्यच होता. परंतु ती भाषा उर्दू होती. बोरीच्या शेतकऱ्याच्या मुलास घरी मराठी, शाळेत उर्दू व वर इंग्रजी अशा तीन चढणी चढाव्या लागत. त्यातून जो हैदराबादेस पोहोचला तो कुंभार्ली घाट चढूनच पोहोचला, असे म्हणण्यास हरकत नाही. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतर १९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज व औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेचे मिलिंद कॉलेज अशी दारे उघडली. ज्यांच्या पूर्वजांस पाटीला शिवण्याची मनाई होती त्यांच्या मुलांस मिलिंद कॉलेजाने वसतिगृहासह जागा दिली, आणि आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांचा पहिला पदवीधर तेथूनच बाहेर पडला.

कर्वे वृद्ध झाले, पण स्वस्थ बसले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप, अमेरिका व आफ्रिका खंडांत हिंडून आले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत सरकारी शाळा नाही तेथे शाळा काढावयाची, हे त्याचे काम. त्यासाठी ते वर्गणीची वही घेऊन पुण्यात घरोघर जिने चढत. विद्यापीठ स्थापन करणारा मनुष्य म्हातारपणी पुन्हा बिगरीकडे वळला, याचे काहींस नवल वाटले. आम्हांस वाटत नाही. ज्याने मुरूडच्या देवळात अक्षरशत्रू लोकांपुढे वर्तमानपत्र वाचले, त्यास कॉलेजाची पायरी कोठून सुरू होते हे ठाऊक होते.

१९५८ साली त्यांच्या वयास शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी भारतरत्न हा किताब त्यांस मिळाला, आणि त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. आनंदीबाई त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुणे येथे, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, धोंडोपंतांचे देहावसान झाले.

हिंगण्याचा तो माळ आता पुणे शहरातच आला आहे व त्यास कर्वेनगर म्हणतात. जेथे ते पाठीवर शिधा घेऊन चिखलातून चालत, तेथे आता शहराच्या बसगाड्या धावतात. परभणीकडून शिकावयास गेलेल्या मुलीही त्या गाड्यांतून वसतिगृहापर्यंत जातात.